कल्याण जंक्शन : दोन घाटांचें दार

आमच्या आत्याबाईंचें वय बहात्तर. अंगारकीला टिटवाळ्याच्या महागणपतीचें दर्शन घ्यावयाचें, हा त्यांचा नेम यजमानांच्या पश्चातही सुटलेला नाहीं. मागें एका अंगारकीला त्या भल्या सकाळीं ठाण्यास लोकलमध्यें बसल्या. गाडी कल्याणच्या पुढें जाणार एवढी खात्री त्यांनीं करून घेतली होती. पण पुढें म्हणजे कोठें, हें विचारावयाचें राहून गेलें. कल्याण सुटलें, जपमाळेचा एक फेरा पुरा होतो न होतो तों खिडकींतून पुढच्या स्टेशनाची पाटी दिसली, ती ‘विठ्ठलवाडी’. आत्याबाईंनीं हात जोडले आणि शेजारच्या बाईंस म्हणाल्या, “गणपतीच्या आधीं विठोबाच भेटला कीं!”

त्या बाई इस्पितळांतील रात्रपाळी आटोपून बदलापुरास घरीं परतत होत्या. डोळे झोपेनें जड झालेले. तरी त्यांनीं विचारलें, “आजी, तुम्हांला जायचंय कुठं?” टिटवाळ्याचें नांव ऐकतांच त्या उठल्या आणि आत्याबाईंचा हात धरून त्यांच्याबरोबर खालीं उतरल्या. परतीच्या गाडीनें त्यांस कल्याणला आणलें, जिना चढवून योग्य त्या फलाटावर नेलें, कसाऱ्याच्या लोकलमध्यें खिडकीशीं बसविलें, आणि मगच त्या आपल्या वाटेला लागल्या. आत्याबाई ही गोष्ट हंसत हंसत सांगतात. तिचा शेवटचा भाग मात्र आम्ही लेखाच्या शेवटासाठीं राखून ठेवतों.

आमच्या वाचकांत असें घर विरळाच, कीं ज्यांतील कोणी ना कोणी कल्याणच्या फलाटावर उभें राहिलेलें नाहीं. कोणी पुण्याहून मुंबईस नोकरीवर येणारा, कोणी नाशिकला माहेरीं निघालेली, कोणी लेकीच्या बाळंतपणाकरितां डिंकाचे लाडू घेऊन नागपुरास जाणारी आई. परंतु ज्या जागेवरून आपण इतक्या वेळां जातों, तिची हकीकत आपणांस सहसा ठाऊक नसते. ती थोडक्यांत सांगावी, आणि तिच्याबरोबर घराघरांतून विचार व्हावा अशी एक गोष्ट वाचकांपुढें ठेवावी, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

रेल्वेचा फांटा येथेंच कां फुटला, याचें उत्तर इंग्रज इंजिनिअरांपेक्षां सह्याद्रीनें अगोदर देऊन ठेविलें होतें. कल्याण हें उल्हास नदीच्या खाडीकांठचें फार जुनें बंदर. कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांत कल्याणच्या व्यापाऱ्यांनीं दिलेल्या दानांचे उल्लेख आहेत, आणि ‘पेरिप्लस’ या ग्रीक भाषेंतील जुन्या दर्यावर्दी ग्रंथांतही या बंदराचें नांव येतें. देशावरचा माल बैलांच्या पाठीवरून घाट उतरून येथें यावा आणि गलबतांत भरला जावा, असा हा शेंकडों वर्षांचा क्रम. १६५७ सालीं शिवाजी महाराजांनीं कल्याण घेतलें. खाडीच्या तोंडाशीं दुर्गाडी किल्ला उभा राहिला आणि मराठी आरमाराच्या उभारणीशीं या गांवाचें नांव कायमचें जोडलें गेलें. मुंबईकडून येणारा माणूस येथें पोहोंचला म्हणजे त्याच्यापुढें सह्याद्रीची भिंत उभी राहते, आणि त्या भिंतींत शिरण्याच्या दोन वाटा दिसतात. उजवीकडे उल्हास नदीच्या खोऱ्यानें वर जावें तर बोरघाट. डावीकडे ईशान्येस जावें तर थळघाट. रेल्वेनें या दोन्ही वाटा पत्करल्या. त्या जेथें एकमेकींपासून अलग होतात तेंच कल्याण.

१६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी गेली, हें शाळेंतील मुलासही माहीत असतें. तो प्रवास एकवीस मैलांचा. परंतु ‘ग्रेट इंडियन पेनिन्शुला’ या कंपनीला ठाण्यास थांबून भागणार नव्हतें. कापूस होता तो घाटावर. पुढच्याच वर्षीं, १ मे १८५४ रोजीं, खाडीवरचे पूल व मुंब्र्याकडील डोंगर ओलांडून गाडी कल्याणला आली. येथून एक फांटा १८५५ सालीं वासिंदपर्यंत आणि दुसरा १८५६ सालीं खोपोलीपर्यंत गेला. म्हणजे रेल्वे हिंदुस्थानांत आल्यापासून सुमारें तीन वर्षांत कल्याण हें जंक्शन झालें होतें.

पुढचें काम मात्र डोंगराशीं होतें. कंपनीचे मुख्य इंजिनिअर जेम्स बर्कली यांनीं दोन्ही घाटांची पाहणी करून मार्ग आंखले. चढ असा कीं, जागोजाग सदतीस फुटांमागें एक फूट वर चढावें लागे. १८५८ सालीं खंडाळ्यापासून पुण्यापर्यंतचा रस्ता तयार झाला. पण मधला घाट अपुरा होता. त्यामुळें कांहीं वर्षें मुंबईहून पुण्यास जाणारा प्रवासी खोपोलीपर्यंत आगगाडीनें जाई, तेथें उतरून पालखींत, तट्टावर किंवा बैलगाडींत बसून घाट चढे, आणि खंडाळ्यास पुन्हां आगगाडींत बसे. आमच्या पणजोबांच्या पिढीनें केलेला हा प्रवास. आज डेक्कन क्वीनच्या खिडकींतून बोगदे मोजणाऱ्या मुलांस तो अवश्य सांगावा.

या बोरघाटाच्या कामांत एका स्त्रीचा वांटा आहे, तो आमच्या भगिनींस कळला पाहिजे. १८५९ सालीं सॉलोमन ट्रेडवेल या कंत्राटदारानें घाटाचें काम अंगावर घेतलें. पण हिंदुस्थानांत आल्यावर थोड्याच दिवसांत आजारानें त्याला गांठलें व त्याचा अंत झाला. परका मुलुख, अर्धवट कंत्राट, आणि पदरीं वैधव्य. अशा स्थितींत त्याची पत्नी ॲलिस ट्रेडवेल मायदेशीं परत गेली असती तर तिला कोणीं नांव ठेविलें नसतें. तिनें तसें केलें नाहीं. दोन इंजिनिअरांच्या हातीं देखरेख सोंपवून तिनें नवऱ्याचें कंत्राट पुढें चालविलें आणि पुरें केलें. १८६१ च्या सुमारास या घाटावर चाळीस हजारांहून अधिक मजूर राबत होते. त्यांपैकीं कितीजण पटकी-तापानें, सुरुंगानें आणि कड्यावरून पडून गेले, त्यांचीं नांवें कोणत्याही शिळेवर कोरलेलीं नाहींत. १८६३ सालीं बोरघाट व १८६५ सालीं थळघाट खुला झाला. १८७० मध्यें जबलपूरमार्गें कलकत्ता आणि १८७१ मध्यें रायचूरमार्गें मद्रास मुंबईशीं जोडलें गेलें. त्या दोन्ही महामार्गांच्या गाड्या कल्याणास येऊन एकमेकींचा निरोप घेत.

यानंतरचा मोठा फेरफार म्हणजे वीज. १९१६ सालीं पारसिकचा सव्वा किलोमीटरांहून लांब बोगदा पुरा होऊन ठाणें-कल्याण वाट सरळ व जवळची झाली. ३ फेब्रुवारी १९२५ रोजीं बोरीबंदर ते कुर्ला अशी विजेची पहिली गाडी धांवली, आणि १९३० पर्यंत विजेच्या तारा कल्याणवरून एकीकडे पुण्यापर्यंत व दुसरीकडे इगतपुरीपर्यंत पोहोंचल्या. याकरितां रेल्वेनें कल्याणजवळ ठाकुर्लीस, चोळें येथें, स्वतःचें वीजघर बांधलें. पुढें तें बंद पडलें. परंतु घाट चढणाऱ्या गाडीला लागणारी शक्ति एके काळीं याच गांवच्या शिवारांत निर्माण होत होती, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. त्या काळच्या विजेवरील मालगाडीच्या इंजिनास लोक ‘खेकडा’ म्हणत. १ जून १९३० रोजीं मुंबई-पुणें मार्गावर डेक्कन क्वीन सुरू झाली. १९५१ सालीं जुन्या कंपनीचें नांव जाऊन ‘मध्य रेल्वे’ आली, आणि २०१५ पर्यंत या उपनगरी मार्गावरील विजेची जुनी पद्धतही पालटून नवी, अधिक दाबाची पद्धत आली.

यंत्रांची हकीकत येथें पुरे करूं. आमच्या मतें या स्टेशनानें खरी क्रांति घडविली ती घराघरांत. पूर्वीं मुलास मुंबईंत नोकरी लागली म्हणजे बिऱ्हाड फुटे; चाळींतील एका खोलींत नवरा-बायको, आणि आईवडील मागें गांवीं. लोकल गाड्या वाढल्या तसें हें चित्र बदललें. मुलगा सकाळीं कोटांत कचेरीस जातो आणि रात्रीं कल्याणला त्याच स्वयंपाकघरांत, त्याच पंक्तीस जेवावयास बसतो. एकत्र कुटुंब टिकविण्याचें श्रेय आपण संस्कारांस देतों, तें बरोबरच आहे. पण त्यांतील थोडें श्रेय महिन्याच्या पासाकडेही जातें. १९४७ नंतर सिंधमधून सर्वस्व गमावून आलेल्या हजारों कुटुंबांस कल्याणजवळच्या लष्करी छावणींत आसरा मिळाला, आणि १९४९ सालीं त्या वसाहतीचें ‘उल्हासनगर’ असें नामकरण झालें. त्या लोकांनीं पुन्हां उभें राहण्यासाठीं जो धंदा केला, त्याची गांठोडीं याच रुळांवरून मुंबईस गेलीं.

स्त्रियांचीही गोष्ट तशीच. कल्याणच्या जोशी घराण्यांतील यमुना ही पुढें डॉ. आनंदीबाई जोशी झाली. १८८३ सालीं ती एकटी समुद्रपार गेली आणि १८८६ सालीं अमेरिकेंत वैद्यकीची पदवी मिळविणारी आपल्याकडील पहिली स्त्री ठरली. तिच्या वेळीं बायकोस शिकविलें म्हणून गोपाळरावांस लोकांचीं बोलणीं खावीं लागलीं. आज त्याच गांवांतून रोज सकाळीं डॉक्टर, परिचारिका, शिक्षिका, कचेऱ्यांतील अधिकारी अशा स्त्रिया हजारोंनीं गाडी पकडतात. १९९२ सालीं कल्याणपर्यंत महिलांकरितां खास लोकल सुरू झाली. तिच्यांत भाजी निवडली जाते, हळदीकुंकू होतें, परीक्षेच्या उत्तरपत्रिकाही तपासल्या जातात.

परंतु या सोयीची किंमत आहे, आणि ती आतां सांगितली पाहिजे. छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनसपासून कल्याण सुमारें ५४ किलोमीटर. जलद लोकलला तासाहून थोडें अधिक, धीम्या गाडीस दीड तासाच्या आसपास. जातां-येतां मिळून कमावता माणूस रोज तीनेक तास गाडींत उभा असतो. त्यांत अनेकदां कल्याण अगदीं समोर दिसत असतां गाडी बाहेर खोळंबते, आणि प्रवाशाचा संयम सुटतो. तिचें कारण फांट्यांतच आहे. एक मार्ग डावीकडे कसाऱ्यास व एक उजवीकडे कर्जतला फुटतो. मुंबईहून कर्जतकडे वळणाऱ्या गाडीला कित्येक वेळां कसाऱ्याहून येणाऱ्या गाडीची वाट छेदावी लागते. शिवाय लोकल, मेल आणि मालगाड्या अशा तीन चालींच्या गाड्या एकाच आवारांत. जोंवर एक गाडी पुरती पार होऊन सांधा बसत नाहीं व कुलूपबंद होत नाहीं, तोंवर दुसऱ्या गाडीस सिग्नल मिळूंच शकत नाहीं. म्हणजे ज्या खोळंब्यावर आपण चरफडतों, तो पुष्कळदां आपल्याच जिवाच्या रक्षणाकरितां असतो. लांबच्या गाड्या व लोकल यांच्या वाटा वेगळ्या करण्याकरितां कल्याणचें आवार नव्यानें रचण्याचें काम रेल्वेनें हातीं घेतलें आहे. २०२२ सालीं ठाणें-दिवा दरम्यान पांचवी व सहावी मार्गिका सुरू होऊन त्या दिशेनें एक मोठें पाऊल पडलें. २०१२ सालीं पंधरा डब्यांची लोकल आणि २०२० सालीं वातानुकूलित लोकल या मार्गावर आली. तरीही माणसें वाढलीं त्या मानानें जागा वाढली नाहीं, हें कोणासही कबूल करावें लागेल.

९ जून २०२५ च्या सकाळीं दिवा व मुंब्रा यांच्या दरम्यान दोन लोकल विरुद्ध दिशांनीं एकमेकींजवळून जात होत्या. दोन्हींच्या दारांत माणसें लोंबकळत होतीं. वळणावर त्यांतील कित्येक खालीं पडलीं आणि कांहीं प्राणास मुकलीं. त्या सकाळीं त्यांच्या घरांतही डबे भरले गेले असतील, संध्याकाळच्या भाजीचें बोलणें झालें असेल. या अपघातानंतर नव्या लोकलना आपोआप मिटणारीं दारें बसविण्याचा निर्णय रेल्वेनें जाहीर केला. तो योग्यच आहे, आणि तो लवकर अमलांत यावा असें प्रत्येक घरानें मागितलें पाहिजे. कचेऱ्यांच्या वेळा एकाच घटकेला न ठेवतां मागें-पुढें कराव्या, ही जुनी सूचनाही मालकवर्गानें मनावर घ्यावी. दोष केवळ दारांत उभ्या राहणाराचा आहे असें आम्ही म्हणत नाहीं. आंत पाय ठेवावयास जागा नसेल तर तो बिचारा करील काय?

पण सरकारचें काम सरकारनें करावें, मालकांचें मालकांनीं, आणि घराचें घरानें. घराचें काम कोणतें, तें आम्ही सांगतों. सकाळीं दूध उतूं गेलें, नळाला पाणी आलें नाहीं, मुलाची वही सांपडेना, अशा दहा कारणांनीं जीं पांच मिनिटें जातात, तीं पांच मिनिटें कमावता माणूस फलाटावर भरून काढतो. तो जिना टाळून रूळ ओलांडतो. चालत्या गाडीची दांडी धरतो. मागची गाडी सात-आठ मिनिटांवर असतांही हीच पकडतो. घरांत त्याची घाई सुरू झालेली असते, ती दारांत संपते. म्हणून डबा रात्रींच अर्धा तयार ठेवावा, घड्याळ पुढें लावण्यापेक्षां उठण्याची वेळच पुढें आणावी. संध्याकाळीं यायला उशीर झाला तर उंबऱ्यावरच जाब विचारूं नये. वडील माणसांनीं एकदां स्पष्ट शब्दांत सांगून ठेवावें, “गाडी चुकली तरी चालेल.” हें वाक्य घरांतून निघालें नाहीं, तर तें फलाटावर कोणास सुचणार नाहीं.

प्रथमच कल्याणला जाणारांकरितां, विशेषतः आमच्या आत्याबाईंसारख्यांकरितां, चार शब्द. गाडी ‘कल्याणच्या पुढें’ जाते एवढें ऐकून बसूं नये. टिटवाळा, खडवली, वासिंद, आसनगांव हीं कसारा बाजूचीं गांवें. तिकडचें पहिलें स्टेशन शहाड. अंबरनाथ, बदलापूर, नेरळ हीं कर्जत बाजूचीं. तिकडचें पहिलें स्टेशन विठ्ठलवाडी. अंबरनाथचें शके ९८२ मधील शिलाहारकालीन शिवमंदिर पाहावयाचें असेल, किंवा नेरळहून १९०७ सालच्या छोट्या गाडीनें माथेरान चढावयाचें असेल, तर कर्जतकडची गाडी धरावी. फलाटावरील दर्शकफलकावर कसाऱ्याच्या गाडीस ‘एन’ व कर्जतच्या गाडीस ‘एस’ असें इंग्रजी अक्षर लावण्याची पद्धत आहे. तें न कळल्यास शेजाऱ्यास विचारावें. या मार्गावर सांगणारा मिळत नाहीं असें आम्हीं तरी कधीं पाहिलें नाहीं.

आतां राखून ठेवलेला भाग. त्या दिवशीं आत्याबाईंस कल्याणकडे घेऊन येतांना त्या परिचारिकाबाईंनीं घरीं फोन केला. आत्याबाई शेजारींच होत्या. “आई, एका आजींना टिटवाळ्याच्या गाडींत बसवून येते. मला अर्धा-पाऊण तास उशीर होईल.” रात्रभर जागलेल्या सुनेची वाट पाहणाऱ्या, नातवंडांच्या शाळेची घाई अंगावर घेतलेल्या त्या सासूबाई काय म्हणतील, या विचारानें आत्याबाई संकोचून गेल्या. पलीकडून उत्तर आलें तें त्यांनाही ऐकूं आलें. “होऊं दे. मुलांचं मी बघते. सावकाश ये.”

आत्याबाई म्हणतात, “त्या दिवशीं गणपतीला मी माझ्यासाठीं कांहीं मागितलं नाहीं. त्या घराला सुखी ठेव, एवढंच म्हटलं.”